उंद्रीचा पाहुणचार

"अजून एक पोयी घ्या, पाव्हणे. आपल्या घरी लाजाचं नाही."

उत्तमरावांनी स्वतःच वाढायला घेतलं होतं. तुळशीरामनं ताटावर हात आडवा धरेपर्यंत दुसरी पुरणपोळी पडलीसुद्धा, आणि तिच्यावर तुपाची धार. "बस, बस," तो म्हणाला. स्वयंपाकघराच्या दाराशी बायकांमध्ये बसलेली त्याची बायको, रुख्मिणी, त्याच्याकडेच पाहत होती. ती नजर एवढंच सांगत होती : खा.

शर्टाच्या खिशात कॅप्सूलची पट्टी होती. पहिल्या घासाबरोबर घ्यायची ती राहूनच गेली होती. सकाळी आल्या आल्या कचोरी झाली, तेव्हाही नाही. मेहकरहून निघतानाच रुख्मिणीनं बजावलं होतं, "तिथं गोया काढू नका. कायच्या हायेत म्हणून विचारतीन, मंग काय सांगान?"

मुलीसाठी, काजलसाठी, ते उंद्रीला घर पाहायला आले होते. उत्तमरावांचा शिवम चिखलीला खतं-बियाण्यांच्या दुकानात होता. मुलगा बरा, घर बरं, माणसं अगत्याची. ते अगत्यच आता तुळशीरामच्या ताटात साचत चाललं होतं.

गेल्या वर्षी त्याच्या स्वादुपिंडाला गाठ निघाली. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात दिवसभर ऑपरेशन चाललं. स्वादुपिंडाचा भाग, पित्ताशय, आतड्याचा सुरुवातीचा तुकडा काढून डॉक्टरांनी उरलेलं एकमेकांना जोडून दिलं. गाठ गेली. पण अन्न पचवणारा रस आता पुरेसा तयार होत नव्हता. तो कॅप्सूलमधून पोटात घालावा लागे. नाही घातला तर खाल्लेलं तेल-तूप न पचता तसंच बाहेर पडे. नातेवाइकांना मात्र रुख्मिणीनं पित्ताचे खडे काढले असं सांगितलं होतं.

मेहकरच्या बसस्टँडमागे त्याचं मोटारी वाइंडिंग करायचं दुकान होतं. एके काळी तो शेतात जाऊन मोटार उतरवायचा, बांधावर बसून शेतकऱ्याच्या शिदोरीत जेवायचा. आता बोलावणं आलं की म्हणायचा, "मोटर इकडंच घेऊन या." दुकानापासून घराचा संडास जवळ होता, म्हणून.

दुसरी पोळी अर्धी झाली आणि त्याच्या कपाळावर घाम आला. पोटात खालून वर पीळ चढला. भरल्या पंगतीतून उठणं बरं दिसत नाही हे त्याला कळत होतं. पण बसून राहणंही आता हातात नव्हतं.

"मी... हात धुवून येतो," तो म्हणाला आणि उठला.

संडास मागच्या अंगणात, गोठ्याच्या पलीकडे. कसाबसा पोचला. कडी लावली. नंतर कितीतरी वेळ भिंतीला हात टेकून बसला.

उठून त्यानं पाणी टाकलं. फिकट, तेलकट मळ पाण्यावर तरंगला, फिरला आणि परत वर आला. वास कोंदला होता. त्यानं पुन्हा पाणी टाकलं. बादली रिकामी झाली. कोपऱ्यातल्या टाकीच्या तळाशी तांब्या बुडेल इतकंही पाणी नव्हतं. दाराच्या फटीतून त्याला अंगण दिसत होतं, गाय दिसत होती, हात धुवायच्या जागेवरचा नवाकोरा टॉवेल दिसत होता. दार उघडलं तर हे असंच मागे राहणार. त्या घरातलं कोणीतरी येणार, बघणार. तो कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"पाव्हणे, पाणी संपलं काय आतलं?"

आवाज म्हातारा होता. उत्तमरावांची आई, अन्नपूर्णाबाई.

"नाही, मावशी. तुम्ही जा. येतोच मी."

"बकेट आनली म्या. घ्या आत."

त्यानं कडी काढली नाही. बाहेर बादली टेकल्याचा आवाज आला, पण पावलं परतली नाहीत.

"मावशी," तो दाराला तोंड लावून म्हणाला, "माह्यं पोट आता पहिल्यावानी नाही. ऑपरेशन झालं. गोई घेतल्याबिगर पचत नाही मले."

"कायचं ऑपरेशन?"

त्यानं कडीवरचा हात काढला. मग म्हणाला, "कॅन्सर होता."

"अन् आता?"

"आता निंगाला म्हनतात डॉक्टर."

"मंग गोई काऊन नाही घेतली?"

"पोरीचं जमून राह्यलं होतं, मावशी."

अन्नपूर्णाबाईंनी दार बोटानं वाजवलं. "घ्या बकेट. मी तिकडं तोंड करून उभी राहतो." त्यानं दार किलकिलं करून बादली आत घेतली. तो पाणी टाकत गेला, त्या पाठमोऱ्या राहून बादली भरून देत गेल्या. सगळं स्वच्छ झालं तेव्हा तो हात धुवून आत गेला.

पंगत उठली नव्हती. पाहुण्याचं ताट अर्धं, म्हणून सगळे हात वाळवत बसून होते.

"तब्येत बरी नाही काय?" उत्तमरावांनी विचारलं.

"उन्हानं झालं असंन," रुख्मिणी दारातूनच घाईनं म्हणाली.

तुळशीराम पाटावर बसला. त्यानं खिशातून पट्टी काढली, कॅप्सूल तळहातावर घेतली. "ऊन नाही," तो म्हणाला. "मले कॅन्सर होता. ऑपरेशन झालं. हे घेतल्याशिवाय मले जेवता येत नाही. तुमच्यापासून लपवलं, ते चुकलं."

त्यानं कॅप्सूल गिळली आणि वरणभाताचा लहान घास घेतला. शिवमनं मान खाली घातली. "होते, होते. आजकाल कोनाले काय होईन सांगता येत नाही," उत्तमराव म्हणाले आणि तुपाचं भांडं त्यांनी हळूच बाजूला ठेवलं. सगळे त्याचा घास संपायची वाट पाहत होते. कोणी आणखी घ्या म्हणालं नाही.

परत येताना गाडीत रुख्मिणी खिडकीकडे तोंड करून बसली. बरंच पुढे आल्यावर म्हणाली, "एक दिवस नसतं सांगतलं त काय झालं असतं?"

"एक दिवस नव्हता तो," तुळशीराम म्हणाला. "लगन झाल्यावरही तिथं जेवाच लागलं असतं मले."

घरी काजलनं सगळं ऐकलं आणि दोघांवरही चिडली. "माह्यासाठी लपवलं म्हनता. मले विचारलं होतं काय कोनी?"

आठवडाभरानं मध्यस्थ आला. मुलगा आणखी दोन वर्षं थांबतो म्हणतो, एवढंच त्यानं सांगितलं. चहा पिऊन उठताना त्यानं एक कापडी पिशवी पुढे केली. "म्हातारीनं देल्ली. तुमच्यासाठी."

पिशवीत ज्वारीच्या कण्या होत्या, घरी जात्यावर भरडलेल्या, पचायला हलक्या.

रुख्मिणीनं ती पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि कित्येक दिवस तिला हात लावला नाही. एका दुपारी तुळशीराम दुकानातून जेवायला आला तेव्हा चुलीवर कण्या शिजत होत्या. मीठ घातलेल्या, फोडणी नसलेल्या. रुख्मिणीनं त्याला वाढलं, आणि स्वतःसाठी केलेलं कालवण झाकून ठेवून आपल्याही ताटात त्याच कण्या घेतल्या.

दोघं समोरासमोर बसून जेवू लागले. पहिल्या घासाबरोबर त्यानं कॅप्सूल घेतली.