टक्कल पडलेला गालिचा

मी गालिचा बोलतोय. हसू नका! बिस्किटाएवढा असलो तरी अख्खा दिवाणखाना व्यापून बसलोय. दिवाणखाना पुठ्ठ्याचा आहे, ही गोष्ट वेगळी.

हा दिवाणखाना ज्या पुठ्ठ्याच्या बंगल्यात आहे, तो आजींचा. लहानपणी बाहुलीघर मिळालं नाही, म्हणून केस पिकल्यावर स्वतःच बांधायला घेतलं. काड्यापेट्यांची कपाटं, बटणांची ताटं, सगळा थाट. फरशी तेवढी उघडीबोडकी. आजोबा जन्माचे शिंपी. दुकान बंद झाल्यापासून घरभर येरझाऱ्या घालत होते. म्हणाले, "गालिचा मी करतो."

"राहू द्या हो. तुमचे हात पँटींचे. माझ्या बंगल्याला ठिगळ नको."

झालं! म्हातारा पेटला. पोकळ सुई आणली, मोबाइलवर विणकाम शिकवणाऱ्या बाईसमोर शाळकरी पोरासारखा बसला. ताणलेल्या कापडात लोकर ओवलेली सुई खुपसायची, अलगद वर घ्यायची. खालच्या बाजूला लोकरीचे लूप उभे राहतात. बाई घसा फोडून सांगत होती, "गाठ नको, ओढू नका, लोकर सैल सोडा!" पण ऐकेल तो शिंपी कसला? ओळ संपली की सवयीने दोरा घट्ट ओढायचाच. सर्रकन सगळी ओळ बाहेर! जन्मायच्या आधीच मी कितीदा उसवलो, विचारू नका.

"काय हो, गालिचा की पायपुसणं?" आजी चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

आजोबांनी सुई खाली ठेवली. "हातच गेले गं माझे."

आजींची थट्टा तिथेच थांबली. खुर्ची ओढून त्या शेजारी बसल्या. "तो डावा हात आणा इकडे. तोच ओढतोय मेला. मी धरून ठेवते, तुम्ही सुई चालवा."

दोघं हातात हात घालून बसली होती, हे मी कुणाला सांगणार नाही. सांगितलंच की!

मग काय, लूप कसे ताठ उभे राहिले! शेवटच्या कोपऱ्यापाशी दाराची बेल वाजली, आजी उठल्या, हात सुटला आणि... सर्रकन. तिथे मला टक्कल पडलं. अगदी आजोबांसारखं.

"तो कोपरा कपाटाखाली लपव," आजोबा ओशाळून म्हणाले.

"लपवायचा कशाला?" आजींनी मला अंथरलं आणि तो कोपरा बरोबर बंगल्याच्या दारासमोर आणला. "आल्यागेल्याला कळू दे, आमच्याकडे शिंपी आहे."

तेव्हापासून माझी छाती जरा जास्तच फुगलेली असते. या कधीही. बोट फिरवून बघा, पण हात धुऊन. आणि टकलापाशी एक दोरा लोंबतोय ना? तेवढा मात्र ओढू नका. आजोबांनाही हेच सांगतोय!