बाईंची हजेरी

त्यांना नाव नव्हतं असं नाही. शाळेच्या दाखल्यावर होतं, पेन्शनच्या कागदावर होतं, मतदारयादीत तर वडिलांच्या नावासकट होतं. पण ते कोणी घेत नसे. आई होती तोवर घ्यायची, आणि तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. गावासाठी त्या तीस वर्षं शाळेतल्या 'बाई' होत्या, निवृत्त झाल्यावरही बाईच राहिल्या, आणि गेल्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, सरपंच झाल्या तेव्हा गावाने पुढे एक शब्द जोडून 'सरपंचबाई' केलं. मग आपण तरी शहाणपणा कशाला करा? आपणही तूर्त बाईच म्हणू.

सरपंच झाल्या म्हणजे गावाला अचानक पुढारीपणाचा झटका आला होता असं कोणी समजू नये. देवबागच्या अलीकडचं, खाडीकाठचं ते गाव. वरची वाडी आणि खालची वाडी एकमेकांचा माणूस खुर्चीवर बसू देईनात. तीन बैठका भांडणात गेल्या. शेवटी खालच्या वाडीचा बाबली तांडेल, जो पुढे उपसरपंच झाला, तो म्हणाला, "बाईंका बसवया. खुर्चीय रिकामी रवाची नाय, आणि कोण बसलाहा असांय वाटाचा नाय." सगळे हसले आणि बाई बिनविरोध निवडून आल्या. बाबलीला सातचा पाढा बाईंनीच शिकवला होता. तो त्याला शेवटपर्यंत आला नाही, पण राजकारण आपोआप आलं.

पंचक्रोशीत दुसरी बाई सरपंच नव्हती. एका साप्ताहिकात चार ओळी आणि अंगठ्याएवढा फोटो छापून आला. बाईंनी तो कापून डब्यात ठेवला. दाखवायचा तर कोणाला, हा प्रश्न डबा बंद करताना पडला. मग त्यांनी पेज निवायला ठेवली.

महिन्यातून एकदा तालुक्याला सभेला जावं लागे. अडतीस पुरुष आणि त्या. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहत; आदर म्हणून, असं त्या स्वतःला सांगत. कागद येत ते 'श्री. सरपंचसाहेब' यांना. चहा येई तेव्हा बाई "नको" म्हणत. चहा त्यांना फार आवडे, पण त्या अख्ख्या इमारतीत बाईमाणसासाठी एकही दार नव्हतं. सकाळी सातला घर सोडायचं ते पाच वाजता परत. फिरकीचा तांब्या भरून न्यायचा आणि भरलेलाच परत आणायचा. ही आपली एकटीची अडचण, एकटीची लाज, असं बाईंना वाटे, आणि लाज एकटीची असली की ती दुप्पट जड होते.

एकदा परतीच्या एस्टीत शेजारी हौसाबाई येऊन बसली. तिठ्यावरच्या मासळीबाजारात ती सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत पाटी घेऊन बसायची. त्या दिवशी उरलेले मासे विकायला तालुक्याच्या बाजारात गेली होती. वाटेत तिला घेरी आली. बाईंनी तांब्याची फिरकी सोडून पाणी पुढे केलं. हौसाने नुसते ओठ ओले केले आणि तांब्या परत दिला.

"पी गो सगळा," बाई म्हणाल्या.

"घराक जावन पितलंय."

"कित्याक?"

"बाईनू, पियालंय तर जावचा खंय?"

बाईंनी हातातल्या तांब्याकडे पाहिलं. तो काठोकाठ होता, सकाळी भरला तसाच. त्यांना इतका संताप आला की स्वतःचा स्टॉपही चुकला. दोन मैल चालत घरी येताना त्या स्वतःशीच मोठ्याने बोलत होत्या, आणि वाटेतल्या लोकांनी ओळखलं की बाईंचं वय झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मासळीबाजारात बायकांसाठी मुतारी बांधायचा प्रस्ताव केला. तालुक्याच्या साहेबांनी कागद उलटसुलट करून सांगितलं, "गावाची मागणी दिसली पाहिजे. ग्रामसभेत समक्ष घेतलेली साठ मतदारांची पूर्ण नावं, सह्या किंवा अंगठे. एकतीस मार्चच्या आत आणा. नाहीतर काम दुसऱ्या गावाला जाईल."

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात भरली. बाईंनी वाचलं, "विषय क्रमांक चार. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह."

मागून कोणीतरी विचारलं, "म्हणजे काय ता, बाईनू?"

विचारणाऱ्याला माहीत होतं. सगळ्या मंडपाला माहीत होतं. बाईंनी जन्मभर मुलांना अवघड शब्द सोपे करून सांगितले होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "मुतारी."

असा हशा पिकला की दीपमाळेवरची कबुतरं उडाली. बाबली उठला. "देवाच्या दारात असली गजाल बरी नाय. आमच्या आवशी पन्नास वर्सां थय बाजारात बसल्यो. कोण मेला काय?" कोणी मेलं नव्हतं हे सर्वांना पटलं. सही एकानेही केली नाही. बायका तर मंडपात नव्हत्याच, त्या बाजारात होत्या.

नंतर बाई एकेकीच्या पाटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "होय बाईनू, मेल्यांनी कायतरी करूक व्हया," असं सगळ्या म्हणाल्या. सभेला येतेस का, विचारलं की मात्र सुरमईवरच्या माशा वारू लागत. सभा सकाळी, बाजार सकाळी. पोट सोडून सभेला कोण जाणार? बाई घरी येऊन पायरीवर बसल्या. फेब्रुवारी असाच गेला. संध्याकाळी कोणी येत नसे. पूर्वी वह्या तपासायला तरी असायच्या. कधी कधी वाटे, राजीनामा लिहावा, पण तो द्यायचा उपसरपंचाच्या हातात, म्हणजे बाबलीच्या. तेवढ्यासाठी तो राहिला.

मग एका सोमवारी वालीची भाजी चिरताना त्यांचा हात थांबला. सोमवार! गाव मासे खात नाही, बाजारात पाटी नसते. जन्मभर सोमवारी वालीची भाजी खाणाऱ्या बाईला हे सुचायला महिना-सव्वा महिना लागला, आणि ती म्हणे गावाला शहाणं करणार होती. त्या एकट्याच हसल्या. सकाळची शाळा सुरू झाली होती, दुपारी वर्ग रिकामे असत. देवळात चालत नाही ना? मग सभा शाळेत.

बाबलीने पुरुषांना निरोप दिला, "कोण जाव नका. सभा आपसूक पडताली." मार्चातल्या तिसऱ्या सोमवारी दुपारी पुरुष समोरच्या चहाच्या दुकानात बसून गंमत बघत होते. बाई तिसरीच्या वर्गात एकट्या टेबलापाशी बसल्या होत्या. तीन वाजले. सव्वातीन झाले. ग्रामसेवक परब घड्याळाकडे आणि मग बाईंकडे बघत होते.

आणि मग आल्या. आधी हौसा, मागून दहा, मागून तीस. डोक्यावर पाटी नसली की बायका किती उंच दिसतात, हे बाईंना त्या दिवशी कळलं. पोरांच्या बाकांत अंग कोंबून त्या बसल्या. साठाच्या वर होत्या. बाईंचा ऊर भरून आला, आणि तो परबांना दिसू नये म्हणून त्यांनी फळा पुसायला घेतला.

परबांनी वही उघडली. "पूर्ण नाव सांगा. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव."

हौसाने पदर तोंडाला लावला.

"अहो, नाव सांगायला काय होतं?" परब म्हणाले. ते घाटावर शिकून आले होते, हे मध्येच दिसायचं.

"घोवाचा नाव तोंडान घेव?" मागच्या बाकावरून कोणी कुजबुजलं. साठ नावांसाठी त्यांनी सगळा विचार केला होता, वार शोधला, जागा शोधली. पण स्वतः कधी नवऱ्याचं नाव टाळायची वेळ न आल्यामुळे हे एक त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शेवटी हौसा उठली. घसा साफ केला.

"बांगड्यात घातली तिरफळां, सोलां घातली कढीत,
सत्यवानाचा नाव घेतंय पंचायतीच्या वहीत!"

वर्ग हसून फुटला. दुसरीने उखाणा घेतला, तिसरीने लग्नातला जुना घेतला, चौथी अडकली. तेवढ्यात चार वाजले. परबांना पाचची एस्टी धरून कागद तालुक्याला न्यायचे होते. साहेब उद्यापासून महिनाअखेरपर्यंत रजेवर जाणार होते. "अशाने रात्र होईल," ते म्हणाले. दुकानातून बाबलीचा आवाज आला, "लगीन लागला काय रे शाळेत?" मागच्या दोघी उठल्या. पाणी भरायचं होतं, गुरं होती. त्या उठल्या की बाकीच्या उठणार, हे बाईंनी तीस वर्षांत शंभरदा पाहिलं होतं.

"बस खाली!" बाई ओरडल्या. सगळ्या बसल्या. काही सवयी चाळिशीतही सुटत नाहीत.

बाई टेबलामागे उभ्या राहिल्या. या बायका त्यांनी शिकवल्या होत्या, कोणी दुसरीपर्यंत, कोणी तिसरीपर्यंत. त्यांचे नवरेही इथेच पाटीवर बसले होते. "परब, लिहा," त्या म्हणाल्या, आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत हजेरी घेऊ लागल्या.

"हौसाबाई सत्यवान केळुसकर."

"हजर, बाई!"

"चंद्रभागा गणपत सारंग."

"हजर!"

एक नाव चुकलं नाही. जिने जन्मात एका नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, तिने त्या दुपारी बासष्ट नवऱ्यांची नावं घेतली. एकेक उठे, अंगठा उमटवी, आणि पदराला शाई पुसत जागेवर येई.

शेवटी दारात काठी वाजली. बाबलीची आई, तुळसा. गुडघ्यांमुळे बाजार सोडून तिला चार वर्षं झाली होती. परबांचं पेन थांबलं. उपसरपंचाची आई! बाईंनी मात्र त्याच आवाजात पुकारलं, "तुळसा धाकू तांडेल."

तुळसाने अंगठा असा दाबला की शाई पुढच्या पानावर गेली. मग ती खिडकीशी गेली आणि तिने दुकानाकडे हाक मारली. "बाबल्या! कोण मेला म्हणान इचारी होतंस मा? मेला नाय कोण, खरा. मराक फुरसत खंय होती? चाळीस वर्सां सकाळच्यान थेंब पियालंय नाय, म्हणान माका मुतखडो झालो. डॉक्टराक इचार. आणि तू म्हणा होतंस, आवस रातची कित्याक रडता!"

दुकानात कोणी हसलं नाही. बाबलीने ग्लास खाली ठेवला आणि कोणाकडे न बघता तो चालू लागला.

त्रेसष्ट नावं झाली. परबांनी बाईंची अध्यक्ष म्हणून सही घेतली, वही पिशवीत घातली आणि एस्टीकडे धावले. बायकाही लगबगीने गेल्या. जाताना हौसा म्हणाली, "बाईनू, येतंय हां." पाच मिनिटांत वर्ग रिकामा झाला. काम झालं होतं. बाईंना ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण ज्यांना सांगायचं त्यांना माहीतच होतं, आणि त्या आपापल्या घरी गेल्या होत्या. त्यांनी बाक सरळ करायला घेतले.

तुळसा पहिल्या बाकावर तशीच बसली होती. तिने बाईंचा तांब्या उचलला आणि घटघटा अर्धा संपवला.

"सगळ्यांची नावां घेतलंस," ती म्हणाली. "तुजा कोणी घेतला?"

"माजी सही आसा ना वर. अध्यक्ष म्हणान."

"सही नाय गो. नाव." तुळसाने बाकावर हात फिरवला. "मी नि तू हयसरच बसा होतंव. दुसरीत. मगे माज्या डोक्यार पाटी इली, नि तू म्होरे गेलंस. एकटीच गेलंस."

ती काठीवर भार देऊन उठली, टेबलामागे जाऊन उभी राहिली, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या मास्तरांसारखा आवाज काढून तिने पुकारलं, "सुभद्रा विठ्ठल आजगावकर!"

बाईंच्या हातात बाक तसाच राहिला. टेबलाच्या या बाजूला त्या कितीतरी वर्षांनी उभ्या होत्या. उत्तर एका शब्दाचं होतं. या वर्गात हजारो पोरांकडून ऐकलेलं, आज दुपारी बासष्ट वेळा ऐकलेलं. त्यांनी बाक खाली ठेवला आणि चष्मा काढून पदराने पुसला. डोळ्यांतलं पाणी मात्र अडलं नाही.

तुळसा थांबली. घाई कसली? मग तिने वही नसलेल्या टेबलावर बोट ठेवलं. "गैरहजर मांडू काय गो, सुभद्रे?"

"हजर," सुभद्रा म्हणाली.