विसावी काळी चकती

पोकरच्या काळ्या चकतीच्या कडेला हिरव्या मखमलीचा एक तंतू अडकून होता — अजूनही. वेंडेलने तो नखाने ओढून पाहिला, मग नाद सोडला आणि चकती लॅपटॉपशेजारी ठेवून पडद्यावर नव्या संचासाठी आखलेल्या वर्तुळाशी ताडून पाहिली. काळा रंग जमला होता. कडेचे पिवळे पट्टेही जमले होते. राहिली होती मधली जागा, आणि तिथे काय लिहायचं यात त्याची अख्खी सकाळ गेली होती.

त्याने पुन्हा लिहिलं: ऑरिन, माझं चुकलं, तू खरा होतास. अक्षरं तुटक रेषेबाहेर गेली आणि लाल झाली. आकार कमी केला तर नुसत्या मुंग्या. पोकरच्या चकतीवर आकडा बसतो, फार तर गावाचं नाव... डुलुथ बसतं, माफी बसत नाही, हे कळायला अडुसष्ट वर्षांच्या बाप्याला तीन तास लागावेत?

तळघरातला तो गुरुवार. एकतीस वर्षं दर गुरुवारी चाललेला डाव, आणि डाव मोडला की यजमानाने चकत्या पेटीत मोजून लावायच्या ही रीत — वीस-वीसच्या रांगा. काळ्या एकोणीसच भरल्या. आणि यजमान वेंडेल ऑरिनला, बायकोच्या, लॉर्नाच्या सख्ख्या भावाला, धक्क्यावर ज्याच्याबरोबर उभी हयात जहाजं भरली त्या मेहुण्याला, चारचौघांत म्हणाला, "ऑरिन, खिसे दाखव." ऑरिनने दाखवले. एकात किल्ल्या, दुसऱ्यात खोकल्याच्या गोळ्या... उलटे झालेले खिसे तसेच लोंबते ठेवून तो जिना चढून गेला. त्याला अकरा महिने झाले.

"काय रे, सकाळपासून तेच?" लॉर्नाने कॉफीचा मग ठेवला. चकती त्याच्या तळहाताखाली गेली होती. "एक हरवली म्हणून अख्खा संच नवा? जखम मांडीला, मलम शेंडीला!"

"नवा संच बघून येईल तो. खेळायला."

"कधी येणार तुझा संच?"

"सहा आठवड्यांनी."

"तो पंधरा दिवसांत चाललाय. घर विकलं त्याने. ॲरिझोनाला, पोरीकडे. दोन गल्ल्या सोडून राहतो, वेंडेल. जा आणि चुकलो म्हण. जीभ झिजते का तुझी?"

जीभ झिजत नव्हती. चुकलो म्हटलं की ऑरिन विचारणार, कशावरून? आणि मग सांगावं लागणार की चकती आठव्या दिवशीच सापडली, टेबलाच्या गादीदार काठाच्या उसवलेल्या शिवणीत — आणि मी ती गुपचूप रांगेत सरकवून झाकण लावलं. आज नको, उद्या सांगू... त्या उद्याचे अकरा महिने झाले. उरलेले चौघे ऑरिनच्या खुर्चीवर कोट टाकायला लागले, मीही टाकला. नवा संच आला की जुना अडगळीत, पुन्हा मोजायचा प्रश्नच नाही. वेंडेलला हे आत्ता, कॉफीच्या पहिल्या घोटासरशी, लख्ख दिसलं आणि स्वतःची किळस आली. सकाळभर तो माफी रंगवत नव्हता.

"जुनी पेटी मी त्याला देऊन येते," लॉर्ना म्हणाली. "तेवढीच आठवण."

ऑरिन मोजणार. पेटी हाती आली की तो मोजल्याशिवाय राहायचा नाही, न बघता, अंगठ्याने रांग चाळत. काळ्या वीस भरल्या की त्याला सगळं कळेल, एक शब्दही न बोलता. नुसता हात उचलून, नमुन्याला काढलेली चकती रांगेत परत ठेवायची होती... बाहेर सरोवरावर खनिजाचं जहाज भोंगा देत होतं, आणि हात उचलला तेव्हा तो पेटीकडे नाही, खिशाकडे गेला.

"एक कमीच आहे म्हणा," झाकण लावत लॉर्ना म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "एकच."

दार लागलं. गाडी सुरू झाली, वळली, ऐकू येईनाशी झाली. पडद्यावर काळं वर्तुळ मधोमध कोरं. वेंडेलने खिशातल्या चकतीवर अंगठा फिरवला, तंतू लागला. आत्ता कुणीतरी यावं, समोर उभं राहावं आणि म्हणावं, खिसे दाखव. तो ताबडतोब दाखवेल, दोन्ही. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता, आणि तसं म्हणायला घरात कुणी नव्हतं.