मिसेस लेटनची शेगडी

माझा नवरा हॉलिस ब्रॅकेट गेली चाळीस वर्षं जुन्या लाकडाच्या शेगड्या नव्याने उभ्या करतो. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या किनाऱ्यावर कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात आजोबाच्या वेळची गंजलेली शेगडी सापडली की ती आमच्याकडे येते. हॉलिस तिचा सांधा न् सांधा सोडवतो, गंज खरवडतो, फटींत आच सोसणारी लांबी, म्हणजे पुटी, भरून पुन्हा जोडतो. शेगडीच्या दारांना अभ्रकाच्या पारदर्शक खिडक्या बसवणं आणि काळं पॉलिश घासणं माझ्याकडे. आमचा मुलगा लायल सव्वीस वर्षांचा होईपर्यंत तोही आमच्यातच होता.

मिसेस लेटनची शेगडी आली ते नोव्हेंबरचे दिवस. मोठी, उभी, निकेलच्या नक्षीची. वरची प्लेट हॉलिसने स्वतः तपासली आणि जोडायला लायलकडे दिली. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तपासायचं म्हणजे हातोडीने हलकेच टकटक करायचं. अखंड बीड घंटेसारखं खणखणतं, आत तडा असला तर बद्द वाजतं. हॉलिसने ती टकटक हजार वेळा केली असेल. त्या दिवशी केली की नाही, हे त्यालाही सांगता येत नाही. सर्दीने त्याचे दोन्ही कान बंद होते आणि दारात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं.

लायलने बोल्ट आवळायला घेतला, पाना प्लेटला लागला आणि तो थांबला. "बाबा, ही जरा बद्द वाजतेय. ऐका ना."

"बघितलीय मी. तू आवळ," हॉलिस पाठमोराच म्हणाला.

लायलने आवळला. बार उडावा तसा आवाज झाला आणि प्लेटचे दोन तुकडे झाले.

हॉलिस तसा तापट नाही. पण ती प्लेट आता जगात कुणी ओतत नाही, आणि मिसेस लेटनना त्याने नाताळच्या आत शेगडी देण्याचा शब्द दिला होता. गिऱ्हाइकासमोरच तो कडाडला, "रेड्यासारखा जोर लावलास! तुझे हात दोर ओढायच्या लायकीचे आहेत, लोखंडाला लावायच्या लायकीचे नाहीत!"

लायलने पाना जागेवर टांगला, हात धुतले. दुसऱ्या दिवशी शिंपल्या काढणाऱ्या एका बोटीवर त्याने काम धरलं. जाताना मी डबा दिला तर म्हणाला, "आई, राग नाही गं माझा. दोर तर दोर." एकोणिसाव्या दिवशी गेलेली बोट परत आली नाही. चार जण होते. दोघांचे मृतदेह सापडले, लायलचा सापडला नाही.

त्या एकोणीस दिवसांत हॉलिसने ही गोष्ट सगळ्या गावाला सांगितली होती. नाश्त्याच्या हॉटेलात, लाकडाच्या वखारीत, चर्चच्या पायऱ्यांवर. "पोराने चांगली शेगडी फोडली, आणि वर रुसून गेला." नंतर अर्थात कुणी तो विषय काढला नाही. मिसेस लेटननी निरोप पाठवला, शेगडी राहू दे, मी तेलाच्या हीटरवर भागवते. हॉलिसने ते दोन तुकडे शेगडीच्या पोटात टाकले, वर ताडपत्री ओढली आणि चार वर्षं तिकडे बघितलं नाही. बंदरावर बुडालेल्यांच्या आठवणीचा दगड उभा राहिला, त्यावर लायलचं नाव कोरलं गेलं. तिथेही तो कधी आला नाही.

आणि मी? "ही बद्द वाजतेय" हे लायलचे शब्द मी ऐकले होते. तीन हातांवर बसून शेगडीच्या दाराला पॉलिश करत होते. पहिल्या दिवशी वाटलं, दोघं शांत झाले की सांगू. मग सांगून उपयोग काय, असं झालं. हॉलिसला ऐकूच गेलं नसेल किंवा त्याच्या लक्षात राहिलं नसेल, आणि ते लक्षात आणून द्यायचं माझ्याने होईना. कधीकधी मात्र भांडणात अगदी जिभेवर यायचं. मी उठून बाहेर लाकडं रचत बसायची.

गेल्या ऑक्टोबरात नॅडीन क्रॉकेट आली. शाळेत शिकवते, दोन लहान मुली. मामाचं घर तिच्या वाट्याला आलं होतं आणि त्यात नेमकी तशीच शेगडी होती. वरची प्लेट धडधाकट, पण आतलं, लाकूड जळतं ते भांडं जळून चाळण झालेलं.

"असलं दुसरं भांडं कुठे मिळेल?" तिने विचारलं.

"नाही मिळणार," हॉलिस म्हणाला. "तेलाचा हीटर बसवून घे."

ती गाडीकडे वळली तेव्हा मी म्हटलं, "हॉलिस, ताडपत्रीखाली आहे ना एक."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग नॅडीनला म्हणाला, "गुरुवारी ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ताडपत्री काढली. मी घरात भाजी चिरत होते. बराच वेळ दुकानातून काहीच आवाज येईना, म्हणून गेले. तो खिडकीशी उभा होता, हातात प्लेटचा एक तुकडा.

"व्हर्ना, इकडे ये. हे बघ."

तुकड्याची फुटलेली कड त्याने माझ्यासमोर धरली. टोकाला दोन बोटं जागा तेवढी नुसत्या पातळ तांबूस गंजाची होती. बाकीची सगळी कड काळी. तीत दगडासारखी कडक झालेली जुनी लांबी भरलेली, आणि लांबीवर काजळीचा थर.

"ही साठ-सत्तर वर्षांपूर्वीची चीर आहे," तो म्हणाला. "कुणीतरी लांबी भरून वर पॉलिश फासलं होतं. अखंड होती ती ही दोन बोटंच, तेवढ्यावर धरून होती. कुणीही आवळला असता तरी फुटली असती. मी आवळला असता तरी." मग त्याने आवाज खाली आणला. "तो काहीतरी म्हणाला होता. आवळायच्या आधी. तू तिथेच होतीस. काय म्हणाला?"

खोटं बोलता आलं असतं. चार वर्षं तेच तर चाललं होतं.

"बाबा, ही जरा बद्द वाजतेय, म्हणाला. ऐका ना, म्हणाला."

"आणि मी?"

"तू म्हणालास, बघितलीय मी, तू आवळ."

तो खाली बसला, राखेच्या बादलीवर. मी जवळ गेले तर हात वर करून थांबवलं. "तुला माहीत होतं," एवढंच म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही आणि पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी बोललाही नाही. पण गुरुवारी नॅडीन आली तेव्हा भांडं काढून ठेवलेलं होतं. पुढच्या आठवड्यात तिच्या घरी जाऊन त्याने शेगडी जोडली. आवळण्याआधी तिच्या प्लेटवर त्याने इतक्या वेळा टकटक केली की धाकटी मुलगी हसायला लागली.

मग तो गावात हिंडला. ज्याला ज्याला सांगितलं होतं, त्याला त्याला गाठून. हॉटेलात सगळ्यांसमोर टोपी काढून म्हणाला, "लायलने ती शेगडी फोडली नव्हती. ती आधीच फुटलेली होती. त्याने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." लोक कपात बघत राहिले. वखारीतला म्हातारा ड्रिस्को म्हणाला, "जाऊ दे रे हॉलिस, कोण लक्षात ठेवतंय." हॉलिस म्हणाला, "मी."

शेवटी राहिल्या मिसेस लेटन. त्या आता वृद्धाश्रमात असतात. हॉलिसने मला गाडीत बस म्हणून खूण केली, म्हणून मी गेले. त्यांनी त्याला ओळखलं.

"ब्रॅकेटचा हॉलिस ना तू? तुझा मुलगा कुठंय? माझ्याकडे राख न्यायला यायचा. दारात बूट काढायचा, सांगावं लागायचं नाही."

हॉलिसने त्यांना सगळं सांगितलं. चीर, बोल्ट, बोट. त्या रडल्या, त्याचा हात धरून. मग खिडकीबाहेर बघत बसल्या आणि पुन्हा हसून म्हणाल्या, "अरे हॉलिस! मुलाला नाही आणलंस?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"कामात आहे तो, मिसेस लेटन," हॉलिस म्हणाला. "हुशार आहे. माझ्यापेक्षा त्याचा कान चांगला आहे."

"मग त्याचं ऐकत जा," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्याला गाडीचं दार उघडता येईना. मी उघडलं आणि मीच चालवली. बंदराच्या फाट्यावर, लायलच्या दगडाकडे वळायचं का म्हणून वेग कमी केला, तर त्याने नकारार्थी मान हलवली. अजून नाही. मी सरळ घरी आले.