घरच्या कोंबड्यांचा भाव

माझ्या दादाला कोंबडीची चोच कुठे आणि शेपटी कुठे, एवढंच कळतं. पण शेडवर पाटी त्याच्या नावाची आहे. नवऱ्याने मला घराबाहेर काढलं तेव्हा दादा म्हणाला होता, "हे घर तुझंच समज." तेव्हापासून खाद्य, पाणी, घाण काढणं, अंडी गोळा करून ट्रे भरणं, सगळं माझ्याकडे. पगाराचा विषय निघाला की वहिनी म्हणायची, "घरच्या माणसाला कोणी पगार देतं का?" ताटात वाढताना मात्र मी बाहेरची असायचे.

मला तिथून निघायचं होतं. सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानामागे एक खोली मिळत होती, तिच्या मागच्या बाजूला पत्र्याचा आडोसा आणि जाळीचं कुंपण. लोकांचे कपडे शिवून थोडे पैसे साठवले होते. दादा शेडमधली जुनी तुकडी मोडून नवी पिल्लं आणणारच होता. त्या तुकडीतल्या चाळीस कोंबड्या मी घेतल्या असत्या तर पहिल्या दिवसापासून अंडी हातात पडली असती आणि भाडं निघालं असतं. पिल्लं घेऊन पाच महिने त्यांना नुसतं खाऊ घालायची माझी ऐपत नव्हती.

दादाला विचारलं. तो म्हणाला, "घे की. तुला मी कशाला नाही म्हणू?" आणि भाव सांगितला तो नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोवळ्या कोंबडीचा. दीड वर्षाच्या कोंबडीला!

"अरे, बहिणीला सांगतोयस की परक्याला?"

"व्यवहारात नातं आणू नये. परवडत नसेल तर तू बोल."

आणि मी बोलले. नको तेवढं बोलले. घासाघीस करायची म्हणजे मालाला नावं ठेवायची, एवढं बाजाराने शिकवलंच होतं. एक कोंबडी काखोटीला मारून आणली आणि अंगणात त्याच्यासमोर तिचा पंचनामा केला. "पाय बघ, पार पांढरे पडलेत. मानेवर पिसं उरली नाहीत. खातात दुप्पट आणि अंडं दिवसाआडसुद्धा नाही. कापायच्या भावावर थोडे चढवून देते, बस."

पाय पांढरे होते, पिसंही गेली होती, पण सपाटून अंडी देणाऱ्या कोंबडीचंच तसं होतं. तिच्या अंगातला पिवळा रंग अंड्यांत उतरतो. पिवळेधमक पाय आणि तकतकीत पिसं मिरवणारी कोंबडी फुकट खाणारी असते, आमच्या वहिनीसारखी. दादाला यातलं काय कळतंय, असं मला वाटलं.

दादाने मान डोलावली. "इतक्या कामातून गेल्यात? बरं झालं सांगितलंस." आणि तिथेच उभ्या उभ्या त्याने चिकनवाल्याला फोन लावला.

मला वाटलं, भाव चढवायला घाबरवतोय. पण दुपारी टेम्पो दारात उभा राहिला, पिंजरे आणि वजनकाटा उतरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी धावत गेले. "दादा, थांब. मी खोटं बोलले. सगळ्या अंड्यावर आहेत. चाळीस तेवढ्या मागे ठेव, तू सांगितलेला भाव देते. आत्ता देते."

"सख्ख्या भावाला फसवत होतीस?" तो चिकनवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाला. "आता यांना शब्द दिलाय मी."

चिकनवाल्याने हातातली कोंबडी उलटी धरून शेपटीखाली बोटं लावून पाहिली. "अहो, हिच्या पोटात उद्याचं अंडं आहे. चाळीस ताईंना राहू द्या, माझी काही हरकत नाही."

"तुम्ही वजन करा," दादा म्हणाला.

कोंबड्यांना माझ्या हाताची सवय. पकडून द्यायलाही मलाच लावलं. शेवटचा पिंजरा चढत असताना दादा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "अगं, रोजचे ट्रे मीच विकतो ना? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"माहीत होतं तर कापायला का दिल्यास? माझ्याकडून जास्त मिळत होते."

"सोमवारी पिल्लं येतायत. त्यांना कोण बघणार, तुझी वहिनी?"

तो इतक्या सहज बोलला की मला संतापायलाही वेळ लागला. कामाला माणूस ठेवला असता तर महिन्या-महिन्याला पैसे मोजावे लागले असते, त्यापुढे हा एका दुपारचा तोटा काहीच नव्हता. या घरात आपल्याला किंमत नाही म्हणून मी इतकी वर्षं उशीत तोंड खुपसून रडले. किंमत होती. दादाने ती केव्हाच ठरवून ठेवली होती, फक्त ती माझ्या हातात पडू द्यायची नव्हती.

टेम्पो गेल्यावर मी आत जाऊन कपडे पिशवीत कोंबायला लागले. वहिनी दाराशी येऊन उभी राहिली. "खोली घेशील, पण साठवलेलं संपलं की भाडं कुठून देशील?"

मी पिशवीची गाठ मारली. तेव्हा मला इथेच परत यावं लागेल हे तिला माहीत होतं, म्हणूनच तिने दार अडवलं नाही.