मिटलेलं मशीन

मावशी तलावांच्या तळांचे नकाशे काढायची, आणि तळ कुठे किती खोल आहे ते भाची तिला शोधून द्यायची. बोटीतून पाण्यात आवाज सोडायचा, परत येणाऱ्या प्रतिध्वनीला किती वेळ लागला ते टिपायचं आणि त्यावरून खोली काढायची. हे गणित भाची लिनक्सवर करायची. मावशीचं चित्रकाम विंडोजवर चालायचं. कॉम्प्युटर मात्र दोघींत एकच. मशीन सुरू करताना काय हवं ते निवडायचं. एक जागं असलं की दुसरं नाही. विंडोजच्या डिस्कवर 'सामाईक' नावाचा एक फोल्डर होता, त्यातून दोघींची देवाणघेवाण चाले. पेनड्राइव्ह गेल्या आठवड्यात बोटीतून पडला होता; तो किती खोल गेला हे तेवढं मोजायचं राहिलं होतं.

त्या दिवशी बारा वाजता पाणबुडे एका तलावाच्या तळाशी असलेली पाणी सोडण्याची झडप दुरुस्त करायला उतरणार होते, तेही गढूळ पाण्यात, मावशीच्या नकाशाच्या भरवशावर. सकाळी नऊला भाचीचे खोली मोजलेले शेवटचे चारशे बिंदू तयार झाले. ती ते 'सामाईक'मध्ये टाकायला गेली, तर लिनक्सने साफ नकार दिला: ही डिस्क फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही.

कारण तिला ठाऊक होतं. विंडोज नीट बंद झालेलं नव्हतं. उपायही ठाऊक होता: एका ओळीची आज्ञा. ती दिली की विंडोजने मागे ठेवलेली आठवण पुसली जाते आणि डिस्क लिहायला मोकळी होते. तिने ती ओळ लिहिलीसुद्धा. मग, एंटर दाबायच्या आधी, सहज हाक मारली.

"मावशी, काल मशीन बंद केलं होतंस ना?"

"बंद कशाला करू? मिटलं होतं," पलीकडच्या खोलीतून उत्तर आलं.

"मिटलं म्हणजे?"

"शहाणे, पुस्तक मिटतात तसं. खूण घालून. बंद केलं की मांडलेला सगळा पसारा आवरावा लागतो. तुझ्या भावाने ते बटण दाखवलंय मला, हायबरनेट का काय ते. अगदी गुणी बटण आहे."

भाचीने बोट हळूच मागे घेतलं. "आणि पसारा सेव्ह केला होतास?"

मावशी दारात येऊन उभी राहिली. हातातली पट्टी खाली आली. "काल दिवसभर सारख्या खोलीची रेघ ओढत होते. ती… नाही गं."

"एंटर दाबलं असतं तर तुझा कालचा दिवस गेला असता."

"दाबलंस?"

"नाही."

"मग अशी काय बघतेस, भूत पाहिल्यासारखी?"

भाचीने ती ओळ पुसली, लिनक्स बंद केलं आणि विंडोज निवडलं. पडदा काळा झाला, आणि मग कालची संध्याकाळ जशीच्या तशी उघडली. नकाशा, त्यावर मोठा करून धरलेला कोपरा आणि झडपेच्या दिशेने निघालेली एक निळी रेघ, मध्येच थांबलेली. रात्रभर मशीनला वीज नव्हती, आतला पंखा फिरला नव्हता. तरी त्या रेघेला आपण कुठवर आलो होतो ते आठवत होतं. तत्त्व भाचीला पाठ होतं: स्मरणातलं सगळं डिस्कवर उतरवायचं आणि जागं झालं की परत उचलायचं. तरीही तिने रेघेच्या थांबलेल्या टोकावर बोट टेकवून पाहिलं.

मावशीने आधी सेव्ह केलं, मग एकेक खिडकी बंद केली आणि मशीन खरोखरचं बंद केलं. आता लिनक्सने कुरकुर न करता चारशे बिंदू 'सामाईक'मध्ये लिहिले. पुन्हा विंडोज. मावशीने बिंदू नकाशावर आणले.

निळी रेघ जिथे थांबली होती, तिच्या बरोबर पुढे बिंदू एकदम गडद, म्हणजे खोल झाले. झडपेच्या अलीकडेच सहा मीटरचा खड्डा होता. आजवरच्या कुठल्याच नकाशात तो नव्हता.

"मी काल इथेच अडले होते," मावशी हळू आवाजात म्हणाली. "रेघ सरळ नेली असती तर सुंदर दिसली असती. पण हात पुढे जाईना."

तिने रेघ पुन्हा उचलली आणि खड्ड्याच्या काठाकाठाने वळवत नेली. भाची बघत राहिली. न दिसणाऱ्या पाण्याखालचा तळ आवाजातून आकड्यांत आला होता, आणि आता मावशीच्या हातात उतरत होता.

साडेअकराला नकाशा पाणबुड्यांकडे रवाना झाला. मावशीने खुर्ची मागे सारली आणि सवयीने त्या गुणी बटणाकडे हात नेला.

"मावशी!"

"करते गं बंद," ती म्हणाली, आणि आधी सेव्ह केलं.