सात भोकांची चकती

भाच्याने सांगितलं तेव्हा ते काम सोपं वाटलं होतं.

"मामा, आपली सगळी चित्रं एकसारखीच असतात. एक बाहेरचं वर्तुळ, एक आतलं, आणि मधे बोल्टची भोकं. दरवेळी नव्याने कशाला काढता? एक फंक्शन लिहून टाका. आकडे दिले की चित्र तयार."

भाच्याचं गॅस्केटचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे रबराच्या गुंडाळ्या आणि त्यांच्यापलीकडे कापायचं मशीन. पाइप किंवा पंप जिथे एकमेकांना जोडतात तिथे दोन लोखंडी तोंडांच्या मधे रबराची चकती बसवावी लागते, नाहीतर गळतं. जुन्या यंत्रांच्या चकत्या बाजारात मिळत नाहीत. लोक फाटकी चकती पिशवीत घालून आणतात, मी ती मोजून कॉम्प्युटरवर काढतो आणि मशीन त्या चित्राबरहुकूम नवी कापतं. नोकरीत असताना मी ड्रॉइंगच्या बोर्डावर हेच करत होतो. निवृत्त झाल्यावर भाच्याने खिडकीजवळ टेबल दिलं, म्हणून रोज सकाळी कपडे करून बाहेर पडायला मला कारण उरलं.

गेल्या महिन्यात एका मापातला आठ मी तीन म्हणून वाचला. चकती वाया गेली. भाचा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मोठा स्क्रीन येऊन बसला होता. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

आणि मग हे फंक्शन निघालं. "एकदा ते झालं की आकडे मीच टाकीन," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांना त्रास नको." यात माझी काळजी होती की मला घरी बसवायची तयारी, हे मला कळेना. विचारायला जीभ उचलेना. मी "बरं" म्हणालो आणि वाटेत पुस्तकाच्या दुकानात शिरलो.

मी आपला पुस्तकी माणूस. पोहायला शिकायचं झालं तरी आधी पुस्तक आणीन आणि ते संपेपर्यंत काठावरच बसेन. पुस्तक जाडजूड होतं. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला कामं कशी सांगायची, याची ती भाषा. पानोपान कंसच कंस. त्यात लिहिलं होतं की फंक्शनच्या नावापुढे कंसात आर्ग्युमेंटची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मापांची, नावं द्यायची. मी लिहिली: केंद्र, बाहेरचा व्यास, आतला व्यास, भोकं. आणि तिथेच अडलो. भोकं, हे ठीक. पण किती? आयुष्यात माप हातात असल्याशिवाय मी कागदावर पेन्सिल टेकवली नव्हती. इथे आधी चित्र काढायचं आणि माप नंतर कुणीतरी आणून देणार.

माझी बायको शाळेत गणित शिकवायची. जेवणाच्या टेबलावर मी कंसांशी झटापट करताना पाहून ती समोर बसली.

"अहो, त्यात काय एवढं? एफ ऑफ एक्स. एक्स म्हणजे रिकामा डबा."

"डबा रिकामा असेल तर मी काढू काय?"

"जे येईल ते काढायचं."

"येईल म्हणजे? कोण आणणार?"

"तुमचा भाचा!"

"मग त्यालाच विचारतो ना, किती आणतोयस म्हणून."

तिने कपाळाला हात लावला. "माझ्या वर्गात असता ना, तर शेवटच्या बाकावरसुद्धा बसू दिलं नसतं."

ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी फंक्शनच्या आत गुपचूप भोकं म्हणजे आठ असं लिहून टाकलं. लगेच चित्र आलं, आठही भोकं जागच्या जागी. मला हायसं वाटलं.

"वा," ती परत येऊन म्हणाली. "आता सहा द्या बघू."

सहा दिले. आठ भोकं आली. चार दिले. आठ. ती चष्मा वर करून माझ्याकडे बघायला लागली.

"आत आठ कोणी कोंबले?"

"निदान काहीतरी दिसावं म्हणून."

"मग डबा कशाला ठेवलात? येणाऱ्याला दारातून आत घ्यायचं आणि खुर्चीवर आधीच दुसरा बसवून ठेवायचा, असं झालं हे."

मी आठ काढून टाकले. आता फंक्शनने चित्रच काढायचं नाकारलं. मी मान खाली घालून म्हणालो, "ते म्हणतंय, आर्ग्युमेंट कमी पडली."

"आपल्या घरात? नवलच आहे."

केंद्र द्यायचं मी विसरलो होतो. ते दिल्यावर जमलं. मग आमचं भांडण कोनावरून झालं. भोकं सारख्या अंतरावर पडायला हवीत, म्हणून मी तीनशे साठ अंशांना भोकांच्या संख्येने भागत होतो आणि येईल त्या कोनाचं रेडियन करून सॉफ्टवेअरला देत होतो, कारण त्याला अंश चालत नाहीत.

"पूर्ण फेरा म्हणजे टू पाय रेडियन. मग सरळ टू पाय भागिले एन करा की," बायको म्हणाली. "अंशांच्या गावाला जाऊन परत कशाला येता?"

"मला अंशांतच दिसतं."

दिसतं म्हणजे काय, हे तिला समजावणं मला जमलं नाही. पंचेचाळीस अंश म्हटलं की माझ्या हाताला गुण्याची धार लागते. रेडियन म्हटलं की हाताला काहीच लागत नाही. शेवटी तिने माझं गणित ओळ न् ओळ तपासलं आणि म्हणाली, "लांबचा रस्ता आहे, पण बरोबर आहे."

दुकानात फंक्शन चाललं. चार भोकं, सहा, आठ, बारा. भाचाच फाटकी चकती मोजून आकडे टाकायचा आणि नवी स्क्रीनवर उमटायची. "मामा, कमाल केलीत!" तो म्हणायचा आणि खुश होऊन पाठीवर थाप मारायचा. मी शेजारच्या स्टुलावर बसलेला असायचो. माझ्या खुर्चीवर तो बसायचा, कारण आकडे त्यालाच टाकायचे होते. दिवसभरात मला काम उरलं नाही. ज्या फंक्शनमुळे मला शाबासकी मिळत होती त्यानेच मला स्टुलावर आणलं होतं, आणि यावर आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं, हेही मला ठरवता येईना.

अशात रंगाच्या कारखान्यातला एक माणूस आला. त्यांच्या जुन्या घुसळणीच्या यंत्राच्या झाकणाखालची चकती फाटली होती. तिला भोकं सात. ज्याने कुणी ते यंत्र बनवलं त्याला सातच का सुचली, देव जाणे. रंगात विरघळणार नाही असं रबर लागणार होतं आणि त्याचा एकच तुकडा दुकानात होता. नवा माल यायला अजून बरेच दिवस होते.

भाच्याने आकडे टाकले, चित्र आलं, तो रबर काढायला मागे गेला. मी खुर्चीत सरकलो आणि सवयीने स्क्रीनकडे बघितलं.

शेवटचं भोक आणि पहिलं भोक यांच्या मधली जागा मला फाकलेली दिसली. फार नाही. पुढच्या दोन दातांत थोडी फट असावी, तशी. मी चष्मा पुसला. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. वाटलं, सात हा आकडाच तसा. आठ असले की समोरासमोर जोड्या लागतात, नजरेला आधार मिळतो. साताला समोर कुणी नाही, म्हणून भास होत असेल.

मोजायला दोन क्लिक पुरतात. मी मोजलं नाही. सगळी अंतरं सारखी निघाली असती तर डोळे गेले हे ठरलं असतं, आणि डोळे गेलेला माणूस खिडकीजवळच्या टेबलावर कशाला हवा?

त्याच दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती. बायको मला न्यायला दुकानात आली.

"चला. आपला नंबर जाईल."

"अगं, हे बघ जरा. इथे काही दिसतंय?"

"भोकं दिसताहेत."

"सारख्या अंतरावर?"

ती वाकली. "सारखीच की. मी तपासलंय ना तुमचं गणित. तीनशे साठ भागिले सात. अंतर वेगळं येईलच कसं?"

"हे शेवटचं मला मोठं वाटतंय."

"तुम्हाला परवा जिन्याची पायरीसुद्धा मोठी वाटली होती."

ती थट्टेने म्हणाली, पण म्हटल्यावर तिलाच ते लागलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मशीनपाशी भाचा रबराचा तुकडा पसरून त्याच्या कडा हाताने सारख्या करत होता. "मामा, पाठवू? माणूस खोळंबलाय."

"पाठव," मी म्हणालो.

म्हणालो खरा. भाचा आला, माझ्या खांद्यावरून वाकला, त्याने माउस हातात घेतला आणि मला पुन्हा ती फट दिसली.

"थांब!"

काउंटरवरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं.

"काय झालं?" भाच्याने विचारलं.

"चुकलंय."

"कुठे?"

"शेवटी कुठेतरी. नक्की सांगता येत नाही."

"कशामुळे?"

"तेही माहीत नाही."

"मग चुकलंय हे कशावरून?"

"दिसतंय."

भाच्याने मामीकडे बघितलं. मामीने जमिनीकडे. त्या दोघांनी डोळ्यांविषयी एक शब्दही काढला नाही आणि मला तो चांगला ऐकू आला.

"मग मोजा ना," बायको हळूच म्हणाली.

मी माउस भाच्याच्या हातातून घेतला. पहिलं अंतर: एक्कावन्न अंश. दुसरं, एक्कावन्न. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं, सगळी एक्कावन्न. शेवटचं मोजलं.

चोपन्न.

"अरेच्चा!" भाचा म्हणाला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात नुसता गोंधळ. गणित बरोबर, फंक्शन बरोबर, आठ भोकांना बरोबर, आणि साताला चूक. बायको तर चिडलीच. तिने काउंटरवरची कोरी पावती ओढली आणि भागाकार मांडला.

"सात पाचे पस्तीस, उरला एक, वरचं शून्य घेतलं, दहा. सात एके सात, उरले तीन. एक्कावन्न, आणि पुढे दशांश चिन्ह, चार, दोन, आणखी पुढे चालूच. हे पुढचं कुठे गेलं?"

"कॉम्प्युटरने खाल्लं," भाचा म्हणाला.

"खाल्लं म्हणजे? सरका." ती माझ्या खुर्चीत बसली आणि तिने सात भागिले दोन विचारलं. उत्तर आलं, तीन. "साडेतीन!" ती स्क्रीनवर ओरडली. पुन्हा विचारलं. पुन्हा तीन.

मला एक शंका आली. शंका वेडगळ होती. तरी म्हणालो, "सात दशांश शून्य लिहून बघ."

"त्याने काय होणार? सात आणि सात दशांश शून्य एकच."

"ड्रॉइंगमध्ये एक नसतात."

"काहीतरीच!"

"अगं, ड्रॉइंगवर नुसतं सात लिहिलं तर ते ढोबळ सात. थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. सात दशांश शून्य लिहिलं की काम करणारा समजतो, इथे दशांशापर्यंत मोजायचंय. हा कॉम्प्युटर तसं समजतो की नाही मला माहीत नाही. मी आपलं म्हणालो."

तिने लिहिलं. साडेतीन आलं.

तिने पावतीवर दोन्ही सात शेजारी शेजारी लिहिले. "एकच असतात," ती शेवटी म्हणाली, पण शिक्षिकेच्या आवाजात नाही. "मी फळ्यावर लिहून दाखवलंय पोरांना. एकच असतात."

"असतात गं," मी म्हणालो. आणि ते का नसतात, हे मला तरी कुठे नीट कळलं होतं? दोन्हीकडे पूर्णांक दिले की कॉम्प्युटर उत्तरही पूर्णांकच देतो आणि उरलेलं सोडून देतो, एवढंच आम्हाला कळलं. चार, सहा, आठ, बारा यांना काही उरतच नव्हतं, म्हणून चूक दडून बसली होती. पुन्हा खुर्चीत बसून मी फंक्शनमध्ये तीनशे साठच्या पुढे दशांश शून्य घातलं, सातचं चित्र पुन्हा काढलं आणि सातही अंतरं मोजली. सारखी.

"टू पाय केलं असतं तर हे झालंच नसतं," बायको म्हणाली. "पायला दशांश असतोच."

"हो."

"नुसतं हो काय? ऐकलं का नाहीत?"

रबर कापलं गेलं. कारखान्याच्या माणसाने चकती जुन्या चकतीवर ठेवली, सातही भोकांतून पलीकडचं दिसलं, आणि तो निघून गेला. भाचा पुढच्या कामाला लागला नाही. तो स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला.

"मामा, आकडे मी टाकत जाईन. पण मशीनला पाठवायचं ते तुम्ही. तुम्ही बघितल्याशिवाय काही जायला नको."

"आणि डॉक्टर म्हणाले, डोळे गेले, तर?"

"ते काय म्हणायचं ते म्हणू देत. मला एक सांगा, हे मला का नाही दिसलं? मीही बघत होतोच की."

आता हे कसं सांगायचं? मी कधी कुणाला काही शिकवलेलं नाही. ते खातं बायकोचं.

"भोकांकडे बघू नकोस," मी चाचरत म्हणालो. "दोन भोकांच्या मधल्या जागेकडे बघ."

"तिथे तर काहीच नाहीये."

"हो, तेच बघायचं."

त्याने डोळे बारीक केले, मान तिरकी केली, स्टूल मागे घेऊन लांबून बघितलं. मग पडेल आवाजात म्हणाला, "नाही हो मामा. मला सगळं सारखंच दिसतंय."

"अरे, हे दुरुस्त केलेलं आहे," मी म्हणालो आणि चुकलेलं चित्र शोधायला लागलो. ते मी ठेवलं होतं की पुसून टाकलं होतं, काही केल्या आठवेना. दारात बायको पर्स खांद्याला लावून उभी होती.

"येताय ना?" ती म्हणाली.

"आलोच. याला एवढं दाखवतो."